कोलंबी खाणारा दगड

उन्मेष परबनं बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये छाती पुढे काढून सांगितलं, "यंदा श्रावण म्हणजे श्रावण. आम्लेटच्या गाडीकडे मानसुद्धा वळवणार नाही." भोईवाड्यातली चाळ पडून टॉवर उभा राहिला, तरी एक रीत टिकली होती. ज्या जोडप्यानं श्रावण कडक पाळला, तेच सत्यनारायणाच्या पूजेला बसणार. उन्मेष दरवर्षी पहिल्याच आठवड्यात गळायचा. या खेपेला मात्र बायकोनं, सुमेधानं, पैठणीवरचा ब्लाउज शिवायलाही टाकला.

पण त्यांच्या घरी हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी होती, नि टाकीत ब्रेन कोरल, म्हणजे प्रवाळ. परदेशी, दुकानदाराच्या शब्दावर कागदपत्रांसकट. दिसायला थेट इराण्याकडच्या भेज्यासारखा. लोकांना तो दगड वाटे, पण होता जिवंत प्राणी. त्याला मधूनमधून कोलंबीचे तुकडे लागत, आणि श्रावण लागलाय हे त्याला कोण सांगणार?

मग साहेब हेल्मेट घालून मच्छी बाजारात. काय बोलतोय ते कळेना म्हणून कोळणीनं काच वर करायला लावली, आणि पाठीमागे उभे पूजा कमिटीचे अध्यक्ष, तात्या सावंत! तात्या स्वतः तिथे काय करत होते, हे विचारायचं पुढे कुणालाच सुचलं नाही.

संध्याकाळी अख्खी कमिटी उन्मेषच्या हॉलमध्ये. सुमेधानं पैठणी परत कपाटात टाकलेली. कोलंबी मी नाही, हा खातो, असं उन्मेष घसा फोडून सांगत होता.

"दगड खंय कोलंबी खाता?" तात्या म्हणाले. "माका शिकवतंस?"

उन्मेषनं पडदे ओढले, टाकीचा पांढरा दिवा घालवून अंधुक निळा ठेवला. हळूहळू त्या भेज्याच्या घड्यांतून शेवयांसारखे हात बाहेर आले. उन्मेषनं चिमट्यानं तुकडा ठेवला. हात वळले, तोंड उघडलं, कोलंबी आत. मग कुणीतरी मोठ्यानं आवंढा गिळला.

उन्मेष निर्दोष सुटला. जाताना तात्यांनी त्याला बाजूला घेतलं. "असलो एक आमच्याकडे ठेवलो तर चलात मां?"

म्हाताऱ्याला सायन्समध्ये इंटरेस्ट आहे, असं वाटून उन्मेष भरून पावला.

पुढच्या खेपेला तो बाजारात गेला, तर कोळणीपुढे सगळी बिल्डिंग रांगेत. हेल्मेट कुणालाच नाही. सगळे कोरलसाठीच आलेले. तात्यांनी मिठाच्या पाण्याच्या बादलीत वरवंटा सोडला होता. श्रेया वहिनींनी लोणच्याच्या बरणीत लादीचा तुकडा ठेवला होता. हर्षवर्धननं तर अख्खी सुरमई उचलली. म्हणे, आमचा जरा मोठा आहे. उन्मेषचा नंबर येईपर्यंत पाटीत नुसता बर्फ.

रिकामी पिशवी घेऊन तो लिफ्टमधून बाहेर पडतो, तर मजलाभर लसूण-कोकमाचा घमघमाट. तात्या दारातच उभे. "ये रे, आमच्या कोरलाक जरा जास्त झालां."

टाकीसाठी एक तुकडा तेवढा मागून घेतो, म्हणून उन्मेष आत गेला. बऱ्याच वेळानं हात पुसत घरी आला. तुकडा तिथेच विसरला होता.

श्रावण संपत आला, कमिटी जमली. पूजेला कोण बसणार? सगळे छताचा पंखा निरखत होते. तात्यांनी चष्मा तीनदा पुसला. उन्मेषनं घसा खाकरला, तेवढ्यात सुमेधा उठली. नवऱ्याच्या बोटांचा वास तिनं त्याच दिवशी घेतला होता.

"तुमच्यासमोरचा तो एक घास सोडला, तर बिल्डिंगमध्ये श्रावण पाळलाय तो एकट्या आमच्या कोरलनं," ती म्हणाली. "पाटावर टाकीच ठेवा."