सुलू, पापणी

नाना सामंत कोणाच्याही घरी आले की चपला काढायच्या आधी पंखा बंद करायचे. मे महिन्यातसुद्धा. तेव्हा, ऐंशीच्या दशकात, आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये दारं दिवसभर उघडी असायची, त्यामुळे त्यांना अडवणार कोण? एकदा आई वैतागून म्हणाली, "अहो नाना, काकू कुठे आल्यात?" तर म्हणाले, "येईल ना मागनं. आधी हवा शांत नको व्हायला?" आता आमची दारं बंद असतात आणि पंखे बिनधास्त फिरतात. चुकल्यासारखं वाटतं.

कारण होतं सुलूकाकूंचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे डोळे. पन्नाशी आली आणि ते कोरडे पडून खुपायला लागले. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर ओरखडे उठलेत, जपलं नाही तर डाग पडून नजर जाईल. या वयात बायकांचे हार्मोन्स कमी होतात, त्यानेही डोळे सुकतात. डॉक्टरांचं हे एवढंसं बोलणं नानांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास फुलवलं. विषय खरं तर गळक्या टाकीचा होता. "पाळी गेली की बाईच्या डोळ्यातलं पाणीपण आटतं. लाजता काय? तुमच्या घरी बायका नाहीत?" सेक्रेटरी कागदात तोंड खुपसून बसले. आईने पदर तोंडावर घेतला. टाकी पुढे कितीतरी दिवस गळत राहिली.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्या खाली भाजी घेत असल्या तरी गॅलरीतून हाक यायची, "सुलू, पापणी." म्हणजे पापण्या मिटायची आठवण. भाजीवालाही डोळे मिटायचा. रोज सकाळी नाना बॅटरी मारून काकूंचं बुबुळ बघत आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत, "आज झकास आहे."

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, मंगलचं लग्न ठरलं, तेव्हा काकू आमच्या स्वयंपाकघरात आईला म्हणाल्या, "पाठवणीला मला रडूच आलं नाही तर? आतून कितीही भरून आलं तरी एक थेंब येत नाही गं. लोक म्हणतील, कसली ही आई." नाना बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पंखा बंद होता, सगळं ऐकू गेलं असणार.

पाठवणीच्या वेळी काकू हॉलच्या दारात मंगलला घट्ट धरून उभ्या होत्या. चेहरा पार उतरलेला, डोळे लाल आणि कोरडे. मुलाकडच्या एक आत्याबाई शेजारणीला ऐकू येईल असं म्हणाल्या, "आईच्या डोळ्यात टिपूस नाही बघ."

तेवढ्यात नानांनी हंबरडा फोडला. बँडवाले वाजवायचे थांबले. नवरामुलगा घाबरून पाणी घेऊन धावला. काकूंकडे बघायला कोणाला सवडच उरली नाही.

मला आधी वाटलं, नाटक आहे. जवळ गेलो तर शर्टाची कॉलर भिजली होती. मंगलची गाडी गेली, मंडळी पांगली, तरी नाना खुर्चीत बसून रडतच होते आणि काकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी म्हटलं, "नाना, बास आता. चला घरी."

"थांब रे," नाना हुंदका आवरत म्हणाले, "दोघांचं रडायचंय. वेळ लागणार."