खून खोटा, गाव खरं

दर रविवारी सकाळी, मी दाढी करत असताना, इंग्लंडहून फोन येतो. बायको फोन पुढे करत म्हणते, "घ्या, तुमचा खुनी." पलीकडून गुलाब नमस्कार-चमत्कार न करता सुरू होतो, "भाऊ, आज एक माणूस मारना शे. जागा सांग."

गुलाबराव पाटील शहाद्याच्या शाळेत माझ्या बाकावर होता. चाळीस वर्षांपूर्वी तो लेस्टरला गेला. तिथे बस चालवली, आणि उरलेल्या वेळात मराठीत रहस्यकथा लिहिल्या. बस परदेशातली, पण प्रेतं सगळी आपल्या जिल्ह्यातली. खांडबाऱ्याच्या मालधक्क्यावर त्याने एक व्यापारी मारला, विसरवाडीच्या टायरवाल्याकडे दोन ट्रकवाले. त्याचा गुप्तहेर म्हणजे एस.टी.चा कंडक्टर. तिकिटाचा पंच कुठे पडला यावरून तो खुनी पकडतो.

प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एकच ओळ असते : 'या पुस्तकातला खून खोटा, गाव खरं.' या ओळीचा त्याला फार अभिमान. खांडबाऱ्याच्या फलाटावर नळ कुठल्या बाजूला आहे, हे विचारायला त्याने मला तीनदा फोन केला. मी म्हणालो, "अरे, मेलेल्या माणसाला पाणी कशाला?"

"त्याले नही. वाचणाऱ्याले तहान लागस."

मी निवृत्त शिक्षक, मला वेळच वेळ. पण एका रविवारी क्रिकेटचा सामना रंगात आला होता. त्याने विचारलं, "श्रावणात साखर कारखाना चालू राहस का रे?" माझे डोळे टीव्हीवर. म्हणालो, "हो, हो. धुराडं बंद असतं कधी?"

पुस्तक आलं. भर श्रावणात उसाच्या ट्रॉलीत प्रेत, कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीचं वजन जास्त भरतं, आणि त्यावरून कंडक्टर खून शोधतो. वाचताना मला माझं 'हो, हो' आठवलं. आपल्याकडे लहान पोरगंही सांगेल की गाळप दिवाळीनंतर सुरू होतं. श्रावणात कारखान्यात कुत्रीसुद्धा झोपलेली असतात.

गेल्या हिवाळ्यात तो आला, तेव्हा शहाद्यात वाचनालयाने त्याचा सत्कार ठेवला. शाल घालून झाली आणि मागून एक शेतकरी उठला. "दादा, श्रावणमा कोणता कारखाना चालस?" सभागृह हसलं. कोणीतरी भर घातली, "परदेशमा राहीसन ऊस इसरी गया!"

गुलाबने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग हात जोडले. "मन्ही चूक. वय झायं."

मी पहिल्या रांगेत होतो. उठून खरं सांगायला चार पावलं पुरली असती. मी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून गावात म्हणतात, गुलाब पाटलाला माती आठवत नाही. म्हणून हे लिहितो आहे. ती चूक त्याची नव्हती, माझी होती.

सत्काराच्या दुसऱ्या सकाळी तो घरी आला, तेव्हा मी त्याच्यापुढे सगळं कबूल केलं. क्रिकेटसुद्धा. तो शांतपणे पोहे खात राहिला. मग म्हणाला, "मन्हा बाप जन्मभर ऊस लावे. माले माहीत नही का?"

"मग विचारलंस कशाला?"

"त्या दिवशी दुसरा प्रश्न सुचेना."

"आणि चुकीचं छापलंस कशाला?"

त्याने बशी बाजूला ठेवली. "मी बरोबर करून छापलं असतं, तर मला सगळं माहीत आहे हे वाचताना तुला कळलं असतं. तू ओशाळला असतास. पुढच्या रविवारी म्हणाला असतास, दुसऱ्या कोणाला विचार." मग जरा खालच्या आवाजात, "सुमन गई तव्हापासून घरमा आपली बोली बोलाले कोण शे? पोरं इंग्रजीतच भांडतस."

सुमन म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. रविवारचे फोन तेव्हापासूनचेच. हा हिशेब, इतकी रहस्यं वाचूनही, मी कधी मांडला नव्हता.

मी त्याच्यासाठी चहा ओतला. त्याने कप पुढे ओढला आणि खुर्चीत पाय वर घेऊन बसला. "बरं, आपल्या वर्गातलं कोण कोण शे, कोण गयं? पहिल्या बाकापासून सांग. विमान परवा शे."

मी पहिल्या बाकापासून सुरुवात केली.