बाईसाहेबांचा खुराक

बाईसाहेबांच्या फासळ्या दिसू लागल्या, तेव्हा सुताराच्या घरात पहिल्यांदाच सुताराच्या जेवणाआधी दुसऱ्या कुणाच्या जेवणाची चर्चा झाली.

बाईसाहेब म्हणजे बायकोच्या माहेरून आलेली तांबडी घोडी. तिच्या पायाशी दीड महिन्याचं शिंगरू होतं, ठिपका. कपाळावर पांढरा ठिपका आणि बाकी नुसते पाय. घोडी त्याच्यासाठी रोज बादलीभर दूध तयार करत होती, आणि दूध काही हवेतून होत नाही. त्याला खुराक लागतो. भरडलेलं धान्य, कोंडा आणि वर क्षारांची पावडर.

पण बादली ठेवली रे ठेवली, की ठिपका आधी तोंड घाली आणि घोडी एक पाऊल मागे सरके. आई म्हणून हे थोरच होतं, तब्येतीला मात्र झेपत नव्हतं. पावडरीची तर वेगळीच कथा. घोडीला स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही, पण हिचा वरचा ओठ असा तरबेज, की दाणा न् दाणा वेचून घेई आणि पावडर तळाशी चाळून ठेवल्यासारखी राही.

"पुढच्या खेपेला माझ्यासमोर हिने सगळा खुराक संपवायला हवा, पावडरीसकट," जनावरांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर पिल्लू वेगळं करून बाटलीवर घालावं लागेल."

बायकोचा चेहरा उतरला. पिल्लापासून तोडलेली घोडी कशी हाका मारते, ते तिने लहानपणी ऐकलं होतं.

"अगं, सोपं आहे," सुतार म्हणाला. "ठिपक्याला वेगळं ताट वाढायचं. तो आपलं खाईल, ही आपलं खाईल."

"आणि हिने त्याच्या ताटात तोंड घातलं तर?"

"कशी घालेल? सुतार आहे मी!"

डॉक्टरबाई यायच्या त्या दिवशी सकाळी तबेल्याच्या कोपऱ्यात पिंजरा उभा राहिला. दोन बाजूंना भिंती, दोन बाजूंना फळ्या. फळ्या थेट छतापर्यंत, घोडीने वरून मान घालू नये म्हणून. आत जायला एक फट. तिची उंची ठिपक्याची, रुंदीही ठिपक्याची. घोडीच्या खांद्यांचं माप सुताराने दोनदा घेतलं. ती शिरणं शक्यच नव्हतं.

मग तो ठिपक्याची बादली आत ठेवायला निघाला. घोडीची बादली बाहेर ठेवावी, तर ठिपका टपलेलाच. म्हणून त्याने दोन्ही बादल्या उचलल्या, श्वास आत ओढला आणि वाकून, तिरका होऊन आत शिरला. वळून पाहतो, तर फटीतून घोडीचं तोंड आत आलेलं. खांदे मोजले होते, मानेचा विचार राहिला होता.

"अगं, जरा इकडे ये!"

बायको धावत आली. "अहो, तुम्ही आत आणि ठिपका बाहेर? नकाशा उलटा धरला होतात का?"

"हिला मागे ओढ."

बायकोने ओढून पाहिलं. "येत नाही."

"माहेरची ना तुझ्या."

"म्हणूनच सांगते, ओढून येणारी नव्हे ती. काहीतरी द्या तिला."

सुताराने तिच्या बादलीतला मूठभर खुराक तळहातावर धरला. कामाने हात घामेजलेला होता, खारट. घोडीने ओठ लावला, थांबली, मग जीभ काढली आणि तळहात पावडरीसकट चाटून लख्ख केला. पण मागे सरकली नाही. दुसरी मूठ, तिसरी मूठ. ठिपक्याने फटीशी धडपड करून पाहिली. तिथे आईची मान आडवी. शेवटी तो वळसा घालून मागे गेला आणि निमूटपणे दूध पिऊ लागला.

"अहो, डॉक्टरबाई आल्या!"

"बाहेर बसव त्यांना!"

"बसवू कसं? मागेच उभ्या आहेत."

डॉक्टरबाई पाहत होत्या. घोडी निवांत खात होती, पिल्लू निवांत पीत होतं. "पावडर?" त्यांनी विचारलं. फटीवरच्या दोन फळ्यांमधल्या सांधीतून एक रिकामी बादली तिरकी करून दाखवण्यात आली.

"वा! मी इतकी जनावरं पाहिली, पण अशी सोय नाही पाहिली. डोकं कुणाचं?"

"यांचं," बायको अभिमानाने म्हणाली. "फार विचार करून बांधलंय."

"पिल्लू आईजवळच राहू दे. ते दूध सोडेपर्यंत हेच चालू ठेवा."

"हेच म्हणजे?" आतून आवाज आला.

"हेच," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुताराने घोडीची बादली आत ठेवली आणि स्वतः बाहेर थांबला. घोडीने दाणे वेचले, पावडर ठेवली आणि मान लांब करून कोपरा धुंडाळला.

"तुम्हाला शोधतेय," बायको कौतुकाने म्हणाली. "किती हुशार!"

सुताराने श्वास आत ओढला.

महिन्याभरात फासळ्या बुजल्या, कातडी तकाकू लागली. ठिपका तर असा अंगाने भरला, की त्याच्या मापाच्या फटीत तोच मावेना. मावत होता फक्त सुतार.

"फट जरा रुंद करू का?" जेवताना त्याने विचारलं.

"मग बाईसाहेबच आत येतील."

त्यालाही ते पटलं. त्याने आणखी वाढून घ्यायला हात पुढे केला, तशी बायकोने पातेल्यावर झाकण ठेवलं.

"पुरे," ती मायेने म्हणाली. "तुम्हाला अजून खुराक द्यायला जायचंय."