मैत्रेयीच्या विंडोजसाठी

"बाबा, तुमच्या त्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये माझ्या विंडोजवर स्क्रिप्ट चालतच नाहीत," असं मैत्रेयी मागच्या उन्हाळ्यात सहज बोलून गेली आणि पुण्याला परतली. (स्क्रिप्ट म्हणजे प्रोग्रामकडून आपोआप काम करून घ्यायला लिहिलेली हुकमांची चिठ्ठी.) तिच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. आनंदरावांनी मात्र ठरवलं, चालवूनच दाखवू.

कुळगावच्या दोन खोल्यांत आनंदराव एकटेच. पत्नी यशोधराबाई जाऊन तीन वर्षं झाली. अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक नाद लावून घेतला होता. जगभरातले हौशी लोक मिळून चित्रं काढायचा एक प्रोग्राम बनवतात आणि फुकट वाटतात, त्यात हेही हात लावत. (घरात बोलायला कुणी नसलं की माणूस ब्राझीलच्या लोकांशीही वाद घालू लागतो.)

अडचण एकच. त्यांचा कॉम्प्युटर लिनक्सचा. त्यावर बसून विंडोजचा प्रोग्राम तयार करायचा, म्हणजे आपल्या चुलीवर दुसऱ्याच्या घरचा स्वयंपाक. चव आपल्याला घेता येत नाही! प्रोग्राम तयार व्हायची एकेक खेप सहा-सहा तासांची. त्यात कॉम्प्युटर आणि फ्रिज एकदम चालले की फ्यूज उडायचा, म्हणून त्यांनी फ्रिज बंद केला. दूध नासलं. मग काळा चहा सुरू झाला.

दहा महिन्यांनी काम पुरं झालं. स्क्रिप्ट चालते की नाही हे कळावं म्हणून त्यांनी एक छोटीशी लिहून आत ठेवली. प्रोग्राम उघडला की पाटी दिसायची : 'मैत्रेयी, जेवलीस का? बाबाला फोन कर.'

चव घ्यायला ते उल्हासनगर कॅम्प एकमध्ये लेबलं छापणाऱ्या चंदरशेठकडे गेले. त्यांच्याकडे विंडोज होतं. प्रोग्राम उघडला, पाटी झळकली.

"साईं, ये मैत्रेयी कौन?"

"मुलगी माझी."

"तो फोन तुम करो ना!"

"अहो, ती बिझी असते."

"और तुम?"

(तेही बिझीच होते. दहा महिने.)

आनंदाच्या भरात घरी येऊन त्यांनी प्रोग्राम जगभर पाठवून दिला. पाटी काढायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साठ ईमेल! जर्मनीतल्या एका मास्तरांनी विचारलं, मैत्रेयी हा व्हायरस आहे का? पोलंडच्या एका आजींनी पाटीचं भाषांतर करून घेतलं होतं. त्यांनी लिहिलं, 'मी मैत्रेयी नाही, पण जेवले. तिचा फोन आला का?'

नव्हता आला. आनंदरावांनी ते ईमेल दोनदा वाचलं. मग आपणच फोन लावला.

"मैत्रेयी, नवा प्रोग्राम टाकलास का गं? आता तुझ्या विंडोजवर सगळं चालतं."

"अहो बाबा, विंडोज आहे कुठे आता? जानेवारीतच मॅक घेतला ना मी."

"मला नाही सांगितलंस ते."

"सांगितलं की! घेऊ का, घेऊ का, म्हणून अर्धा तास विचारत होते. तुम्ही नुसते 'हं, हं' करत होतात. मागे कसला तरी पंखा घोंऽऽ करत होता."

पंखा कॉम्प्युटरचा. जानेवारीत आनंदराव तिच्याच विंडोजचं काम करत होते.

"बरं, ते जाऊ दे. रविवारी येऊ का मी? दोन दिवस राहीन म्हणते. बाबा? ऐकताय ना?"

"हं," आनंदराव म्हणाले आणि मॅकसाठी किती महिने लागतील, ते बोटांवर मोजू लागले.