काटेकर ओढा ओलांडतात

एका जंगलाच्या मधोमध एक ओढा होता. म्हणून मुलांनो, ती दोन जंगलं होती.

पूर्वी जंगल एकच होतं. मग दोन वाघ भावांचं पटेनासं झालं. एकानं ओढ्याच्या या बाजूचं जंगल घेतलं, दुसऱ्यानं त्या बाजूचं. आमच्या जंगलाचं नाव अलीकडवन. समोरच्या जंगलाला आम्ही पलीकडवन म्हणायचो. समोरचे मात्र स्वतःलाच अलीकडवन म्हणवून घ्यायचे आणि आम्हाला पलीकडवन. शेजारी किती खोटारडे आहेत, हे आम्हाला यावरूनच शिकवलं जायचं.

हो, मीही अलीकडवनातलाच. कोणता प्राणी ते विचारू नका. विचारलंत तर मी वाघ म्हणून सांगेन, आणि ते तुम्हाला खरं धरावं लागेल.

रोज संध्याकाळी आम्ही पोराबाळांसह ओढ्याच्या काठावर जमायचो. समोरच्या काठावर तेही जमायचे. मग दोन्हीकडून ओरडायचा कार्यक्रम व्हायचा. आमच्यात सगळ्यात मोठा आवाज भिवाजी काटेकरांचा. काटेकर म्हणजे साळिंदर. ते पुढं यायचे, पाठीवरचे काटे खुळखुळवायचे आणि गरजायचे, “पलीकडच्यांनो, चालते व्हा!”

पलीकडचे पलीकडंच होते. ते चालते होऊन आणखी कुठं जाणार? पण असले प्रश्न विचारायची आमच्याकडं पद्धत नव्हती. आम्ही टाळ्या वाजवायचो आणि करवंदं खात घरी जायचो.

हळूहळू गर्दी वाढली. काठ पुरेना. तेव्हा आमच्या वाघ महाराजांनी काठाजवळचं कंदांचं रान साफ करून तिथं ओरडायचं मैदान करायला सांगितलं. कोनफळं गेली, सुरण गेले. या कामावर देखरेख कोणाची? काटेकरांची. साळिंदरं कंद खाऊन जगतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण मैदान पलीकडच्यांच्या मैदानाहून मोठं होणार होतं. तेवढ्यानंच त्यांचं पोट भरलं.

पोरांचं भरेना.

“अहो,” साळूबाई एका सकाळी म्हणाल्या, “सुई आज उठलीच नाही.” सुई म्हणजे त्यांची धाकटी. थोरला बाणू जागा होता, पण तोही भुकेनं पडून होता.

“देशासाठी थोडं सोसायला हवं,” काटेकर म्हणाले.

“तिला अजून देश कळत नाही. कोनफळ कळतं.”

“पलीकडं याहून वाईट हाल आहेत.”

“पलीकडं कोनफळं आहेत. इथवर वास येतो.”

“तो शत्रूचा वास आहे!”

“शत्रूला असा वास येत असेल,” साळूबाई म्हणाल्या, “तर मी शत्रूकडं निघाले.”

आणि त्या निघाल्या. सुईला पोटाशी धरलं, बाणूला पुढं घातलं आणि भर दुपारी ओढा ओलांडून गेल्या. काठावर पहारा होता, पण तो तिकडून येणाऱ्यांना अडवायला. इकडून कुणी जाईल, हे महाराजांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

“वहिनी दिसत नाहीत?” आम्ही काटेकरांना विचारलं.

“माहेरी गेली आहे,” काटेकर म्हणाले आणि काटे खुळखुळवले. त्या संध्याकाळी ते नेहमीपेक्षा जोरात ओरडले. आम्हाला वाटलं, काय हे देशप्रेम! घरी गेल्यावर मात्र ‘घसा बसला का हो?’ म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. ते बिळाच्या तोंडाशी बसून राहायचे. आत जायला मन व्हायचं नाही.

शेवटी एका दुपारी तेही उठले आणि ओढ्यात उतरले.

समोरच्या काठावर एक मुंगूस पहाऱ्याला होतं. “कोण रे तू?” त्यानं विचारलं. “पलीकडचा का?”

“छे! मी अलीकडचा,” काटेकर म्हणाले. पहाऱ्यावर खोटं बोलायचं ठरवून ते आले होते, पण बोलले ते खरंच होतं.

“अलीकडचा असशील तर ओरडून दाखव.”

काटेकर वळले. समोर स्वतःचं जंगल होतं. स्वतःच साफ करून घेतलेलं मैदान होतं. त्यांनी डोळे मिटले आणि आवाज दिला, “पलीकडच्यांनो, चालते व्हा!”

एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

मुंगुसाच्या अंगावर काटा आला. त्यानं काटेकरांना मिठी मारली, आणि अंगावर आणखी काटे आले. लगेच एक भलं मोठं कोनफळ पुढं ठेवण्यात आलं. काटेकरांनी ते खाल्लं. खाताना डोळ्यांतून पाणी का येतंय, हे मुंगुसाला कळलं नाही. त्यानं तेही देशप्रेमात धरलं.

संध्याकाळी काटेकर तिकडच्या काठावर पहिल्या रांगेत होते. आम्ही अलीकडून ऐकत होतो.

“हा आवाज ओळखीचा वाटतो,” कुणीतरी म्हणालं.

“शत्रूनं आपल्या काटेकरांचा आवाज चोरला!” दुसरं कुणी म्हणालं. ते आम्हाला लगेच पटलं.

काटेकर तिकडं साळूबाईंना शोधत होते. पण उघड विचारायची चोरी. अलीकडच्या साळिंदराची बायको पलीकडची कशी?

एवढ्यात तिकडच्या महाराजांनी आमचं मैदान पाहिलं. त्यांनी स्वतःचं मैदान त्याहून मोठं करायला घेतलं. तिकडचीही कोनफळं गेली. लोक कुरकुरू लागले, तेव्हा महाराजांनी सांगितलं, “आपले कंद बाहेरच्यांनी खाल्ले. त्यांना हाकला.” हाकलायला मोठा आवाज हवा. काटेकरांना पुढं करण्यात आलं.

बाहेरचे एका बांबूच्या बेटात राहत होते. काही ससे, एक म्हातारं भेकर, आणि कोपऱ्यात साळूबाई. बाणू माती उकरत होता. सुई त्याच्या पायांत लुडबुडत होती. तिचे काटे आता कुठं कडक व्हायला लागले होते.

“घ्या, काटेकर,” मुंगूस म्हणालं. “करा सुरुवात.”

काटेकरांनी तोंड उघडलं. साळूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग नजर काढून घेतली आणि पोरांना पाठीशी ओढलं, कुणी परका आला की ओढतात तसं.

बाणूला समजलं. सुईला समजलं नाही. ती आईच्या पायांतून निसटली आणि ओरडली, “बाबा!”

सगळे थांबले.

“ही तुम्हाला बाबा म्हणते?” मुंगुसानं विचारलं.

काटेकर काही बोलायच्या आत साळूबाई म्हणाल्या, “पोर लहान आहे हो. कुणालाही बाबा म्हणते.”

मुंगूस हसलं. सुटकेची वाट अशी समोर उघडी झाली होती. काटेकरांनी फक्त हसायचं होतं. पहिली रांग, कोनफळ, मान, सगळं जागच्या जागी राहणार होतं.

“कुणालाही नाही,” काटेकर म्हणाले. “मलाच म्हणते.”

त्यांचा आवाज इतका लहान होता की मागच्यांना ऐकूच गेला नाही. पण पुढच्यांना पुरला. चौघांनाही ढकलत काठापर्यंत आणून ओढ्यात उतरवण्यात आलं.

ते आमच्या काठाशी आले, तेव्हा संध्याकाळ झाली होती. सुई बाबांच्या मानेवर झोपली होती, बाणू चालता चालता पेंगत होता.

“कोण?” आमच्या पहारेकरी कोल्ह्यानं विचारलं.

“अलीकडचे,” काटेकर म्हणाले.

“तिकडून येता, आणि अलीकडचे? ओरडून दाखवा बघू.”

आम्ही सगळे मैदानात जमलेलो होतो. आवाज ऐकायला कान टवकारले. काटेकरांनी छाती भरून घेतली. मग हळूच सोडली.

“आज नको,” ते म्हणाले. “पोरं झोपली आहेत.”

झालं! आमच्या काटेकरांनी असं म्हटलं असतं का? हा नक्कीच नकली काटेकर. आम्ही त्यांना काठावर चढू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या महाराजांनी जाहीर केलं की शत्रूचा डाव उधळला. तिकडच्या महाराजांनीही तेच जाहीर केलं. दोन्हीकडं खीर वाटली. आमच्याकडची जरा पातळ होती, पण विजयाची होती.

ओढ्याच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा आहे. काटेकर मंडळी तिथं राहिली. दोन्ही काठांना आता ओरडायला एकच शत्रू मिळाला, आणि दोन्ही वाघ भावांचे संबंध पुष्कळ सुधारले. एकमेकांना निरोप जाऊ लागले. ‘आज तुम्ही आधी ओरडा, आम्ही मागून ओरडतो’ इतका समंजसपणा आला.

उंचवट्यावर लव्हाळं वाढलेलं होतं. साळूबाईंनी मुळाशी उकरलं, तर गाठी निघाल्या. त्यांनी एक काटेकरांना दिली.

“कडू आहे,” काटेकर म्हणाले.

“खा,” साळूबाई म्हणाल्या. “घसा बसलाय तुमचा.”

तात्पर्य : परक्या देशात नाव काढायचं असेल, तर आपल्या पोरांना वेळीच ‘काका’ म्हणायला शिकवावं.