भिंतीतील सार्वजनिक सुविधा

भिंत ही लोकांच्या सोयीसाठीच बांधलेली असते. ती सोय नेमकी कुठे आहे, हे मात्र लोकांना पहार घेऊन शोधावं लागतं.

उपनगरातल्या त्या लहानशा स्टेशनच्या मागच्या भिंतीत अशी सोय सापडली होती. कागदोपत्री भिंत अखंड होती. प्रत्यक्षात तिच्या भोकातून रोज सकाळी अर्धी वसाहत गाडी पकडत असे (उरलेली अर्धी उशिरा उठत असे). भोकाजवळच्या घरांना भाडं जास्त येई. लग्न जुळवतानाही "मुलगा भोकाजवळ राहतो" हे आवर्जून सांगितलं जाई.

नवे स्टेशनमास्तर कर्तव्यदक्ष होते. हा दोष त्यांच्यात लहानपणापासूनच होता. मोठे साहेब पाहणीला येणार असं कळताच त्यांनी गवंड्याकडून भोक बुजवून घेतलं. शिवाय मुख्य दरवाजा रंगवला. तो भव्य होता आणि त्या बाजूला कोणीही राहत नव्हतं.

मास्तरांची बायको शाळेत शिक्षिका होती. दुसऱ्याच दिवशी तिची गाडी चुकली आणि वर्गासमोर मुख्याध्यापिकेची बोलणी खावी लागली.

"अहो, मी शाळेत जायचं कसं?" संध्याकाळी चहाचा कप आदळत तिनं विचारलं.

"मुख्य दरवाजातून. फार देखणा झालाय."

"तो बघायला रविवारी जाईन की! रोज मला गाडी पकडायची असते."

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. मास्तरांना वाईट वाटलं. पण भिंतीत एकही फट दिसत नव्हती, हे पाहून बरंही वाटलं.

पाहणीच्या सकाळी मास्तर गुच्छ घेऊन मुख्य दरवाजात उभे राहिले. साहेबांच्या ड्रायव्हरनं वसाहतीत स्टेशनचा रस्ता विचारला. लोकांनी सवयीनं भोकाचा सांगितला. साहेब मोटारीतून उतरले ते थेट भिंतीसमोर. तिथे मास्तरीणबाई पर्स घेऊन उभ्या होत्या.

"बाई, स्टेशन कुठंय?"

"ह्याच्या पलीकडे. आमचे हे तिकडं तुमचीच वाट बघताहेत."

"मग तुम्ही जाता कसे?"

कोपऱ्यावरच्या चांभारानं उठून चार विटा अलगद काढल्या. (गवंडीही वसाहतीतलाच, त्याला कामावर जायला तीच गाडी लागे. त्यानं सिमेंट विचारपूर्वक वापरलं होतं.) साहेब शिरले आणि पोटाशी अडकले. मागून बाईंनी आणि चांभारानं जोर लावला, तेव्हा कुठे ते फलाटावर अवतरले.

मास्तर धापा टाकत पोचले. नोकरी गेलीच, असं समजून त्यांनी डोळे मिटले.

"हे काय आहे?" साहेबांनी कोट झटकत विचारलं.

मास्तर आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले. "सुविधा, साहेब."

"अरुंद आहे. रुंद करा."

त्या रात्री मास्तरांना ताट वाढून मिळालं.

आता तिथे फाटक आहे, छप्पर आहे, दिवा आहे, फलक आहे आणि पहारेकरीही आहे. कार्यालयीन वेळेनुसार फाटक दहाला उघडतं, म्हणजे सकाळच्या सगळ्या गाड्या गेल्यावर. त्यामुळे हातभर अंतरावर लोकांनी नवं भोक पाडलं आहे. पहिल्या दिवशी मास्तरांनी स्वतः बायकोची पर्स धरून तिला त्यातून पलीकडे पोचवलं. पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. तोही तिथूनच आला होता.

या प्रकरणाचा बोध वरच्या मजकुरात सविस्तर दिलेला आहे. शीर्षकावरून थेट इथे उतरलेल्या वाचकांनी कपड्यांवरची माती झटकून घ्यावी.