शेवटची वडी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या एल्क प्रेरी नगराच्या मानवी हक्क आयोगाकडे कित्येक वर्षांत एकही तक्रार आली नव्हती, आणि नेमकं तेच आयोगाच्या मुळावर आलं होतं. गावात अन्यायच होत नसेल तर आयोग हवा कशाला, असं गावात घरं भाड्यानं देणारा नगरसेवक ड्वेन श्ट्रोबेल जो भेटेल त्याला विचारत होता. सोमवारी नगर परिषदेच्या सभेत तो आयोग बंद करण्याचा ठरावच आणणार होता.

अध्यक्षा मार्लिस टोलेफसन यांची झोप उडाली. नवरा गेल्यावर दोन पोरं घेऊन त्या भाड्याचं घर शोधत हिंडल्या होत्या. दारोदार त्यांना गोड हसून सांगण्यात आलं, की पोरंवाली बाई नको. शेवटी घर मिळवून दिलं ते याच आयोगानं. तो आपल्या हातून बुडावा, ही कल्पनाही त्यांना सोसवत नव्हती.

गावात अन्याय नव्हता असं मुळीच नाही. पण मिनेसोटातल्या माणसाला ‘कसं काय’ विचारलं की ‘तक्रार करण्यासारखं काही नाही’ हे उत्तर ठरलेलं. पाय प्लास्टरमध्ये असला तरी तेच. कुणी अगदी जिवावर उठलं, तर ‘हे जरा वेगळंच आहे’ असं म्हणायचं. याहून जहाल शिवी गावाला ठाऊक नव्हती.

तेव्हा मार्लिसबाईंनी आयोगाच्या वार्षिक स्नेहभोजनात, कॉफीच्या भांड्याशेजारी, एक तक्रारपेटी ठेवली. प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणला होता. जेवणं आटोपली तरी पेटीत एकच चिठ्ठी होती, आणि तिच्यात कॉफी छान झाल्याचं लिहिलं होतं.

इकडे आर्डिस क्वामच्या लिंबाच्या वड्यांची एकच वडी ताटात उरली होती. शेवटचा तुकडा उचलायचा नाही, फारच मोह झाला तर अर्धा कापून घ्यायचा, ही गावची रीत. त्यामुळे वडीची अर्धी झाली, अर्धीची पाव झाली, आणि होता होता ती नखाएवढी उरली. तरी लोक सुरी घेऊन येतच होते.

आयोगाचे तीन सभासद ताटाजवळच उभे होते. आता सात सभासदांपैकी चौघं एकत्र येऊन बोलले की कायद्यानं ती सभा होते, आणि आधी जाहीर न केलेली सभा बेकायदा. मार्लिसबाई पेटीच्या काळजीत तिथे आल्या, तशी त्यांना सावध करायचं सोडून ती तिघं कायद्याला धरून पांगली. आणि बाईंनी आपल्याच तंद्रीत तो तुकडा उचलून तोंडात टाकला.

सुरी घेऊन आलेल्या माणसानं ती हळूच ताटाशेजारी ठेवली.

“हे जरा वेगळंच झालं हं,” आर्डिस म्हणाली.

तुकडा जिभेवर असतानाच बाईंना काय घडलं ते कळलं. गिळावा तर अपराध, थुंकावा तर महाअपराध. त्यांनी गिळला. लोक अगदी सौम्यपणे उठले, कोट घालू लागले, आणि पेटीपुढे रांग लागली. पेन एकच होतं, त्यामुळे “आधी तुम्ही”, “छे, तुम्हीच आधी” यातच बराच वेळ गेला.

सकाळी बाईंनी पेटी उघडली. तसदीबद्दल माफी मागून प्रत्येकानं मार्लिसबाईंचंच नाव लिहिलं होतं. लुथरन पंथाची मंडळी म्हणे कॅथलिकांना वडी मिळावी म्हणून मागे थांबली होती, आणि कॅथलिक लुथरनांसाठी. आर्डिसच्या म्हाताऱ्या आईला तर वडी लाभलीच नव्हती. हवी होती एक तक्रार, आणि पडला होता पाऊस.

सोमवारी सभेआधी ड्वेननं त्यांना व्हरांड्यात गाठलं. तो कान लाल करून उभा होता.

“पेटी उघडलीस का गं?”

“उघडली. तुझंही अक्षर ओळखलं. शाळेत माझीच उत्तरं उतरवायचास ना.”

“संध्याकाळभर मी ती वडी अर्धी करत होतो, मार्लिस. सगळे गेल्यावर उरलेली खाणार होतो.”

“चूक माझीच आहे. पण आयोग आज बुडाला, तर तुझी तक्रार ऐकणार कोण?”

ड्वेनचा चेहरा पडला. हा मुद्दा त्याच्या ध्यानातच आला नव्हता. सभा सुरू झाल्यावर तो उठला, त्यानं ठराव मागे घेतला, आणि म्हणाला, “या गावात अन्याय आहे. मी तो सोसलाय.” टाळ्या झाल्या. आयोग वाचला. मार्लिसबाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही थोडं थोडं केलं.

बाहेर व्हरांड्यात कडेवर एक आणि बोटाला एक अशी दोन पोरं सांभाळत एक तरुण बाई उभी होती. आपण कॅसी, गावात नवीन आलोय, असं तिनं सांगितलं. स्नेहभोजनाच्या दिवशी तीही पेटीपुढच्या रांगेत होती. पण ‘आधी तुम्ही’ म्हणता म्हणता तिची पाळी आलीच नाही.

“वडीबद्दल ना?” बाईंनी हात जोडले. “चुकलं गं माझं.”

“नाही, मी वडी खातच नाही. मला घर मिळत नाहीये. पोरं आहेत म्हणून.”

बाईंनी जोडलेले हात सोडले. “कोण म्हणालं असं?”

कॅसीनं दाराकडे पाहिलं. ड्वेन तिथे अभिनंदन स्वीकारत होता.

“तक्रार अशी काही नाही,” ती हळूच म्हणाली. “पण जरा वेगळंच आहे ते.”

मार्लिसबाईंनी बगलेतली तक्रारपेटी खाली ठेवली, पर्समधून पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं.

“ड्वेन,” त्यांनी हाक मारली, “इतक्यात निघू नकोस हं. आणि तुझी वडी आता दुसऱ्या नंबरवर गेली.”